रांजण उठून घरी येत नव्हता

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालेली एसटी टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याला थांबते, तेव्हा पावसाळ्यात निम्मी गाडी खिडकीला चिकटलेली असते. समोर सह्याद्रीची भिंत आणि तिच्यावरून सुटलेलं पाणी. त्या दिवशी उतरलेल्या एका बाईंचं लक्ष मात्र मोबाइलमध्ये होतं. सकाळपासून मामांचे पाच फोन आले होते आणि पाचही वेळा वाक्य एकच होतं, "माझ्या कार्डातून कुणीतरी पैसे उचलतंय."

मामा म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. भाची कल्याणला एका बँकेत कार्डांच्या तक्रारी बघते. मामांचं क्रेडिट कार्ड तिच्या बँकेचं नाही, पण घरच्या माणसाला असल्या फरकाशी काय देणंघेणं! ती ओटीवर टेकते न टेकते तोच मामांनी मुरबाडहून छापून आणलेले चार महिन्यांचे कागद तिच्यापुढे टाकले. पेपर तपासायची लाल शाई अजून सुटलेली नव्हती. चार ओळींखाली चार रेघा : १४ मे, १४ जून, १४ जुलै, १४ ऑगस्ट. दरवेळी १९९ रुपये. समोर कुठल्याशा टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेडचं नाव, तेही अर्ध्यावर तुटलेलं.

"चोर आहे," मामा म्हणाले.

"चोर चौदा तारखेची वाट बघत नाही, मामा."

मामांना हे उत्तर आवडलं नाही. शिकवण्याची सवय असलेल्या माणसाला कुणी एका वाक्यात शिकवलेलं आवडत नाही. भाचीचं म्हणणं तसं साधं होतं. कार्डाचा नंबर चोराच्या हाती लागला, तर तो घाई करतो. आधी एखादी किरकोळ रक्कम टाकून कार्ड चालतंय का ते चाचपतो आणि मग मोठा हात मारतो. तीच रक्कम, तीच तारीख, तेच नाव असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर ती बहुधा वर्गणी असते. तिला कुठेतरी, कधीतरी होकार मिळालेला असतो.

"मी या कंपनीचं नाव जन्मात ऐकलेलं नाही. होकार कसला?"

"सातबाऱ्यावर तुमचं नाव काय आहे?"

"माझं पूर्ण नाव. त्याचं काय?"

"आणि गाव हाक कशी मारतं?"

गाव मास्तर म्हणतं. बाहेरून आलेल्या एखाद्यानं सातबाऱ्यावरचं नाव विचारत वाडी पालथी घातली, तर दहांतले आठ जण माना हलवतील. कार्डाच्या कागदावरही तेच होतं. तिथे कंपनीचं नोंदणीतलं नाव उमटतं, दुकानाच्या पाटीवरचं नव्हे. पेटीएम चालवणारी कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स. स्विगी वर्षानुवर्षं बंडल टेक्नॉलॉजीज या नावानं नोंदलेली होती. जेवण मागवलं एकाकडून आणि कागदावर नाव भलत्याचंच, म्हणून बँकेत धावत गेलेली माणसं भाचीनं पाहिलेली आहेत. मध्ये पैसे गोळा करून देणारी तिसरी कंपनी असली, तर कधीकधी तिचंच नाव तेवढं दिसतं. तेव्हा पहिला प्रश्न असा, की अनोळखी आहे ते नाव, की व्यवहार? लोक दोन्हींना एकच शब्द वापरतात आणि तिथेच निम्मा घोळ होतो.

मग तिनं मामांचा मोबाइल मागितला. मेसेजांच्या डब्यात १९९ हा आकडा टाकून शोधलं. आजवरचे सगळे मेसेज तसेच होते. मामा काही पुसत नाहीत आणि काही वाचतही नाहीत. चौदा तारखेचे चार मेसेज निघाले. प्रत्येकाच्या आदल्या दिवशीचा एकेक निघाला. आणि सगळ्यांच्या मुळाशी ७ मेचा एक ओटीपी निघाला, दोन रुपयांचा.

"सात मेला घरी कोण होतं?"

उत्तर मामींनी स्वयंपाकघरातून दिलं. सुट्टीसाठी डोंबिवलीहून नातू आला होता. त्याला कार्टून बघायचं होतं. दोन रुपयांत सात दिवस, असं मोबाइलवर आलं. कार्डावरचे आकडे त्यानं वाचून वाचून भरले आणि आलेला ओटीपी आजोबांनी चष्मा लावून स्वतः सांगितला.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मी ते ॲप तो गेला त्याच रात्री काढून टाकलं."

"ॲप काढलंत. वर्गणी राहिली. पेपरवाल्याला काही सांगितलं नाही आणि दारावरची पेटी तेवढी उपटली, तसं झालं."

इथे एखाद्या बँकेच्या माहितीपत्रकातला लेख संपला असता. चूक ग्राहकाची, आता रद्द कसं करायचं ते बघा. पण मामा इतक्यात हार मानणारे नव्हते, आणि त्यांची बाजू भाचीला वाटली तितकी लंगडी नव्हती.

त्यांनी वर्गणी हाच शब्द धरला. वर्गणी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. तरुणपणी ते दोन मासिकं मागवत. वर्गणी मनीऑर्डरनं पाठवायची. वर्ष सरत आलं, की अंकात चिठ्ठी यायची : या अंकाबरोबर आपली वर्गणी संपत आहे. तुम्ही पैसे पाठवले नाहीत, तर अंक यायचा थांबायचा. पुस्तक व्ही.पी.नं मागवलं, तर पोस्टमन ओटीवर उभा राहायचा. पैसे मोजले तर पुडकं हाती, नाही म्हटलं तर परत. पोस्टानं ही व्ही.पी.ची सोय १८७७ साली सुरू केली, मनीऑर्डर त्यानंतर तीन वर्षांनी. शंभराहून जास्त वर्षं या देशात गप्प बसणं म्हणजे नकार होता. "आता गप्प बसणं म्हणजे होकार. हे कधी बदललं आणि मला कुणी विचारलं?"

आणि मग मामा नाणेघाटावर आले. ते येणारच होते. वैशाखऱ्याच्या मास्तरानं नाणेघाटाची वाट किती वेळा चढली असेल याचा हिशोब नाही; दर हिवाळ्यात शाळेची सहल तीच. कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला चढायचा तो याच घाटानं. सातवाहनांच्या काळात कोरलेली गुहा, तिच्यातला नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आणि घाटमाथ्यावर तो दगडी रांजण. त्यात जकातीची नाणी टाकत, असं मुलांना सांगितलं जातं.

"जकात द्यायची तर माणूस रांजणापाशी थांबायचा, कंबरेची पिशवी सोडायचा, स्वतःच्या हातानं नाणं टाकायचा," मामा म्हणाले. "रांजण उठून रात्री घरी येत नव्हता."

भाची हसली, पण तिच्याकडेही सांगण्यासारखं होतं. तिच्या मते मामा ज्या काळाबद्दल चिडले होते, तो काळ भारतात सरून काही वर्षं झाली आहेत. ऑगस्ट २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेनं कार्डावरून वारंवार कटणाऱ्या पैशांसाठी नियम काढले. त्यांची मुदत पुढे पुढे सरकत अखेर १ ऑक्टोबर २०२१ पासून ते पुरते लागू झाले. त्या आठवड्यात देशभर असंख्य वर्गण्या आणि बिलं अडकली, कारण जुने होकार नव्या नियमांत बसत नव्हते. आता पहिल्यांदा नोंदणी करताना ओटीपी लागतोच. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं कळवायचं, त्यात कुणाला, किती, कधी हे सगळं हवं आणि तेवढा एक हप्ता किंवा संपूर्ण आदेशच थांबवण्याची सोय हवी. ओटीपीशिवाय कटू शकणारी रक्कम सुरुवातीला दोन हजारांपर्यंत होती, मग पाच हजार आणि जून २०२२ मध्ये पंधरा हजार झाली. ऑक्टोबर २०२२ पासून तर दुकानदारांना ग्राहकाच्या कार्डाचा नंबर साठवून ठेवायलाच मनाई आहे.

"म्हणजे रांजण घरी येण्याआधी एक दिवस निरोप पाठवतो," ती म्हणाली. "तुम्हाला चार निरोप आले. चारही तुमच्या मोबाइलमध्ये आहेत."

"इंग्रजीत."

"हो."

"तीन लोनच्या आणि दोन रिचार्जच्या जाहिरातींच्या मध्ये."

"हो, पण…"

"दवंडी पिटली खरी," मामा म्हणाले, "पण शेजारच्या गावात."

भाचीनं मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचं ते परिपत्रक काढलं आणि मामांसमोर धरलं. नियम खरंच आहे हे त्यांना दिसावं, एवढाच हेतू. मामांना इंग्रजी येत नाही असं नाही. मेसेजांतलं तुटक, आद्याक्षरांचं इंग्रजी त्यांना येत नाही. त्यांनी परिपत्रक शाळेच्या तपासनिसासारखं ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि एका ओळीवर बोट थांबलं. ही पूर्वसूचना स्पष्ट, निःसंदिग्ध आणि ग्राहकाला समजेल अशा भाषेत मिळावी, असं तिथे लिहिलेलं आहे.

"समजेल अशा भाषेत," त्यांनी पुन्हा म्हटलं. या ओळीकडे भाचीनं आजवर फारसं लक्ष दिलेलं नव्हतं. तक्रार खिडकीच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला ओटीपीची नोंद दिसली, की पुढे वाचायची गरज वाटत नाही.

मामांचा संशय हवेतून आलेला नव्हता. साध्या फोनच्या दिवसांत पन्नासचं रिचार्ज मारावं आणि सकाळी त्यातले तीस गायब व्हावेत, हे मुरबाड-शहापूरच्या गावांनी भरपूर सोसलं आहे. कॉलरट्यून, ज्योतिष, क्रिकेटचा स्कोअर. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि सेवा चालू. अखेर दूरसंचार नियामक ट्रायनं २०१३ मध्ये दोनदा होकार घेतल्याशिवाय अशी सेवा सुरू करता येणार नाही, असा आदेश काढला. त्या काळात मामींनी एक गाणं चार महिने ऐकवलं होतं, म्हणजे त्यांना फोन करणाऱ्यांना. मामींना स्वतःला ते कधी ऐकूच आलं नाही.

आणि हे काही गरीब देशांपुरतं नाही. अमेरिकेत व्यापार आयोगानं ॲमेझॉनवर प्राइम वर्गणीवरून खटला भरला, तेव्हा त्यात एक मजेदार तपशील होता : वर्गणी रद्द करण्याच्या लांबलचक वाटेला कंपनीच्या आत 'इलियड' म्हणत. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत करण्यासाठी. होमरचं महाकाव्य कामाला लावलेलं पाहून मामा खूश झाले. "आपल्याकडे महाभारत म्हटलं असतं," ते म्हणाले. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी जाहीर करून त्यांना मनाई केली. घ्यायला सोपी आणि सोडायला अवघड अशी वर्गणी त्या यादीत आहे.

एव्हाना भाचीला वाटलं, मामा आता रद्द करू देतील. पण त्यांना कार्डच मोडून टाकायचं होतं. "व्यवहार मी केलाच नाही असं सांग आणि बंद कर."

इथे मात्र ती ठाम राहिली. मामांची हीच चूक महागात पडली असती. न केलेल्या व्यवहाराची तक्रार वेगळी, केलेला व्यवहार नको असण्याची वेगळी. पहिलीसाठी रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७पासूनचे नियम आहेत. पैसे तिऱ्हाइतानं लाटले असतील आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर ठरावीक मर्यादेपर्यंत त्याच्या अंगावर. त्यापुढे बँकेच्या धोरणावर. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर. अशा वेळी १९३० नंबरला फोन आणि कार्ड ताबडतोब बंद, यात एक मिनिट घालवायचं नाही. पण मामांच्या बाबतीत ओटीपीची नोंद आहे, दोन रुपयांचा व्यवहार आहे. 'मी केलाच नाही' म्हटलं, की तक्रार फेटाळली जाणार आणि मामांची रास्त तक्रारही तिच्याबरोबर जाणार. शिवाय कार्ड गेलं, की त्यावरचं वीजबिलही लटकू शकतं.

"मग खोटं न बोलता काय सांगायचं?"

"आधी त्यांच्याकडे जाऊन रद्द करायचं. मग बँकेतला आदेश तोडायचा. मग पैसे मागायचे."

नातवाच्या खात्यातून वर्गणी रद्द झाली. बटण पाचव्या पानावर तळाशी, करड्या रंगात होतं. मध्येच रेंज गेली, म्हणून दोघं छत्री घेऊन रस्त्यापर्यंत चालत गेले. बँकेच्या ॲपमध्ये ई-मॅन्डेटच्या यादीत तोच आदेश होता. किती काळासाठी दिला होता? भाचीनं मुदत वाचून दाखवली नाही, मामांनीच बघितली आणि म्हणाले, "तोवर मी नसेन."

तिथेच मामांनी विचारलं, "तुझी यादी उघड बघू."

यूपीआयच्या ऑटोपेत तिचे सात आदेश निघाले. सहा ओळखीचे. सातव्याचं नाव तिनं दोनदा वाचलं.

"सातबाऱ्यावरचं असेल," मामा म्हणाले.

घरी परतल्यावर मामींनी त्यांचं पासबुक पुढे केलं. आजवर त्यांनी कुणाला काही विचारलं नव्हतं. आता तपास चाललाच आहे तर हेही होऊन जाऊ दे, असा भाव. तीन ओळी होत्या. २३६ रुपये : एटीएम कार्डाचे वर्षाचे दोनशे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. ते कार्ड मामींनी एकदाही वापरलेलं नाही, ते परत करता येतं. मग मेअखेरीस ४३६ आणि २०.

"मी कुठं सही केली?"

बहुधा केली होती. प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा बिमा या योजना २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाल्या, तेव्हा बँकांतून फॉर्मांचे गठ्ठेच्या गठ्ठे भरून घेतले गेले. हप्ता तेव्हा ३३० आणि १२ होता, जून २०२२ पासून ४३६ आणि २० झाला. वाढताना मामींना वेगळं कुणी विचारलं नाही, कारण मूळ संमतीतच पुढे वेळोवेळी ठरेल ती रक्कम कापायला मान्यता असते. मामांनी लाल पेन उचललं. "बघ! यांनाही गप्प बसणं पुरतं. हेही बंद."

"थांबा," भाची म्हणाली. या एका जागी ती आणि मामा खरोखर समोरासमोर आले. ४३६मध्ये कुठल्याही कारणानं मृत्यू झाल्यास दोन लाख. वीस रुपयांत अपघाती मृत्यूचे दोन लाख. माळशेजच्या रस्त्यालगत राहणाऱ्या माणसाला वीस रुपयांचं महत्त्व वेगळं सांगायला नको. मामी बावन्नच्या, ज्योतीचं संरक्षण पंचावन्नपर्यंत आहे. न ओळखलेली कपात म्हणजे दरवेळी तोटाच, असं नाही. उलट भीती दुसरीच आहे. घरात कुणालाच ठाऊक नसलेला विमा असतो, हप्ता दर मेमध्ये इमानानं कटत राहतो आणि माणूस गेल्यावर दावा करायला कुणी जात नाही, कारण पासबुकातली ती ओळ कुणी वाचलेलीच नसते.

"म्हणजे न विचारता घेतलं ते चांगलं होतं म्हणून माफ?" मामा म्हणाले.

"माफ नाही. पण बंद करायचं का ते मामींना विचारा. तुम्ही का ठरवताय?"

मामी म्हणाल्या, राहू दे, पण वारस म्हणून नाव कुणाचं लागलंय ते आधी बघून ये. कार्ड तेवढं परत कर.

राहिले मामांचे ७९६ रुपये. भाचीनं कंपनीला ईमेल लिहून दिला : लहान मुलाच्या वापरासाठी घेतलेली चाचणी, सात दिवसांनंतर वापर नाही, पैसे परत मिळावेत. मिळतील की नाही ते त्यांच्या मर्जीवर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं, तिथेही नोंद होईल. एवढ्यानं भागेल, असं तिचं मत होतं.

मामांचं नव्हतं. त्यांना आपल्या बँकेकडे वेगळी तक्रार करायची होती. पैशांची नव्हे, निरोपाची. पूर्वसूचना समजेल अशा भाषेत का दिली नाही, आणि भाषा कधी विचारली होती?

"यातून एक रुपया मिळणार नाही, मामा. मी त्या खुर्चीत बसते, मला माहीत आहे."

"रुपया कोण मागतंय? उत्तर मागतोय."

"ठरावीक उत्तर येईल."

"येऊ दे. तपासायला लाल पेन आहे."

तक्रार त्यांनी मराठीत लिहिली, फुलस्केपच्या दोन बाजू, समास सोडून. भाचीनं ती ॲपच्या खिडकीत बसवण्यासाठी पाच ओळींवर आणली. त्यातली जकातीच्या रांजणाशी केलेली तुलना काढावी लागली, यावर दहा मिनिटं गेली. तक्रार क्रमांक आला. तीस दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते, माहिती १४४४८ या नंबरवर मिळते, एवढं तिनं कागदावर लिहून दिलं आणि शेवटच्या एसटीसाठी निघाली.

मामांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात तीस दिवस मोजून पान उलटलं आणि त्या चौकोनात लाल शाईत तक्रार क्रमांक लिहायला घेतला. बारा आकडे होते. शेजारच्या दोन चौकोनांत शिरले. मामी मागून म्हणाल्या, तिथं दुधाचा हिशोब असतो, लहान अक्षरात लिहा.